पडदा कंपाउंडला नको, ओट्याशी लावा

पत्र :

नमस्कार ताई,
आम्ही नागपुरात बेसा रोडकडच्या एका ले-आउटमध्ये राहतो. घराच्या मागच्या भिंतीला लागून ओटा आहे, तिथून १२ फुटांवर कंपाउंड. संध्याकाळी मी आणि सासूबाई ओट्यावर भाजी निवडतो, त्या केस वाळवत बसतात, उन्हाळ्यात चहासुद्धा तिथेच. मागचा प्लॉट इतकी वर्षं रिकामा होता. यंदा तिथे दुमजली घर उभं राहिलं आणि त्यांची वरच्या मजल्याची गॅलरी आमच्या कंपाउंडपासून जेमतेम १० फुटांवर, थेट आमच्या सांदवाडीत बघणारी. त्या घरातल्या काकू स्वभावाने फार चांगल्या आहेत, पंचाईत तीच आहे. वरूनच विचारतात, “आज काय भाजी?” सासूबाई आता गाऊनवर बाहेर यायला कचरतात. मिस्टर म्हणतात, कंपाउंडवर टिनाचे पत्रे ठोकून मोकळे होऊ. मला वाटतं, कापडावर रंगवून छानसा आडपडदा करावा. कॉलेजात मी खूप रंगवायची, लग्नानंतर ब्रशला हात लावलेला नाही. सासूबाईंचं म्हणणं, “कपडा काय टिकते आपल्या उन्हात!” कापड कोणतं घेऊ, रंग कोणते, बांधू कसं? आणि काकूंना वाईट वाटणार नाही असं काय करता येईल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

नमस्कार. पत्र फेब्रुवारीत आलं हे बरं झालं, कारण हे काम करायला नागपुरात आता महिना-दीड महिनाच हातात आहे. एप्रिल-मेमध्ये ब्रश डब्यातून कापडापर्यंत येईस्तोवर रंग सुकायला लागतो. आत्ता हवा कोरडी आहे, ऊन सोसवतं, आणि गुढीपाडव्याच्या आसपास पडदा टांगला तर सांडगे-कुरडयांच्या दिवसांत तुम्हा दोघींना ओटा परत मिळेल.

मिस्टरांच्या टिनाचं आधी निकालात काढू. पत्रा दुपारभर तापून ओट्याकडे झळ फेकेल, वारं सुटलं की रात्रभर खडखडेल, आणि काकूंना जे सांगायचं नाही तेच मोठ्याने सांगेल. शिवाय पत्रा कंपाउंडवरच ठोकावा लागतो, आणि माझ्या मते कंपाउंड ही पडद्याची जागाच नव्हे. तुमच्या पत्रातली अंतरं घेऊन थोडा हिशोब करू या. बाकीची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

वरच्या गॅलरीत उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १५ फुटांवर असतात. तुम्ही ओट्यावर बसलात की तुमचं डोकं ४ फुटांवर धरू. मधलं अंतर १२ आणि १० मिळून २२ फूट. म्हणजे त्यांची नजर २२ फुटांत ११ फूट खाली उतरते, दर फुटाला अर्धा फूट. ही तिरपी रेघ तुमच्या कंपाउंडवरून जाते तेव्हा ती जमिनीपासून १० फुटांवर असते. तिथे अडवायची तर कंपाउंडवर माणसाच्या उंचीएवढा आणखी पत्रा चढवायला हवा. तीच रेघ तुमच्यापासून ३ फुटांवर अडवली तर साडेपाच फूट पुरतात. तुम्हाला काकूंची गॅलरी झाकायची नाहीये, स्वतःची बसायची जागा झाकायची आहे, आणि त्याला साडेसहा फुटांपर्यंत जाणारा पडदा भरपूर झाला. उभं राहिलं की डोकं थोडं दिसेल. तेवढं दिसू द्या.

आणखी एक गंमत. नजर वरून येतेय, म्हणून पडद्याची खालची बाजू जमिनीला टेकायची काही गरज नाही. खाली एक फूट मोकळं सोडा. हवा खेळती राहते, पावसाचा चिखल उडून कापडाला लागत नाही, झाडू मारता येतो. म्हणजे कापडाची उंची साडेपाच फूट आणि रुंदी साधारण १० फूट. एवढंच काम आहे. मागच्या खिडकीत कूलर बसवत असाल तर त्याची मागची बाजू आणि पडदा यांत ३ फूट तरी राहू द्या, नाहीतर तो आतलीच दमट हवा ओढत बसेल. कूलरचे शिंतोडे कापडावर येणार नाहीत असंही बघा. आपल्याकडच्या खारट पाण्याचे पांढरे डाग रंगावरून निघत नाहीत.

सासूबाईंना उन्हाची काळजी आहे. मला जास्त काळजी वाऱ्याची वाटते. मे अखेरीला संध्याकाळी अचानक वावधन सुटतं, धूळ उडते, मग चार थेंब पडतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ताशी ५० किलोमीटरचा वारा तुमच्या या एवढ्याशा पडद्यावर समोरून आला तर ६० किलोच्या वर जोर लावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एकसंध चादर चारी बाजूंनी करकचून बांधली तर आधी आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, उपटतात, मग शिवण, मग खांब वाकतो. कापडाला चंद्रकोरीसारखी भोकं पाडा म्हणजे वारा निघून जातो, असं लोक सांगतात. त्या भोकांनी जोर फारसा कमी होत नाही, कापड मात्र तिथूनच फाटायला लागतं.

म्हणून एकाऐवजी तीन पट्टे करा. वरच्या आडव्या पाइपवर ते पडद्यासारखे रिंगांनी टांगा, पट्ट्यापट्ट्यांत दोन बोटांची फट ठेवा. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या नेफ्यात एक हलकी सळई किंवा बांबूची काठी सरकवा आणि तिची दोन्ही टोकं खांबाला नाहीतर जमिनीतल्या कड्याला साध्या सुतळीने बांधा. नायलॉनची दोरी वापरू नका. सुतळी अशासाठी की मोठा झोत आला तर ती तुटावी. पट्टा फडफडेल, पण खांब उभा राहील. दोन रुपयांची सुतळी दुसऱ्या दिवशी परत बांधा. वादळाचा रंग दिसला तर तिन्ही पट्टे एका बाजूला सरकवून गुंडाळता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

खांबांना एक इंची जीआय पाइप घ्या. फॅब्रिकेशनवाल्याकडून वरचा आडवा पाइप काढता येईल असा बसवून घ्या. बांबू स्वस्त पडतो आणि दिसतोही छान, पण मातीत पुरलेल्या टोकाला उधई लागते. तुमच्याकडे काळी माती असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते, आणि नुसता पुरलेला खांब वर्षभरात तिरपा होतो. अडीच फूट खड्डा घ्या, तळाला मुरूम ठोकून बसवा, मग काँक्रीट. मिस्टरांना पत्रे ठोकायचा उत्साह होता, तो इथे कामी येईल.

आता कापड. गांधीबाग-इतवारीत कापड घ्यायला गेलात की आधी पन्हा विचारा, मीटरचा हिशोब नंतर. ४४ इंची पन्ह्याचे तीन पट्टे कडा दुमडून साडेदहा फुटांच्या आसपास भरतात, तुमचं काम तिथेच झालं. लांबी प्रत्येकी २ मीटर घ्या : साडेपाच फूट दिसणारं कापड, वर-खाली चार-चार इंचांचा नेफा, आणि बाकीचं धुण्यात आटण्यासाठी. एकूण ६ मीटर. चुकण्यासाठी म्हणून अर्धा मीटर जास्त आणा, तो रंगाच्या चाचणीला लागणारच आहे.

जाड सुती कॅनव्हास घ्या. मांजरपाट स्वस्त आहे आणि रंगवायला गोड, पण उन्हाकडून बघितलं तर आरपार दिसतं आणि एका उन्हाळ्यात विरतं. पॉलिएस्टर कॅनव्हास उन्हाला जास्त टिकतो, फक्त रंग त्यात मुरत नाही, वर बसून राहतो आणि पुढे पापुद्रे निघतात. जुन्या फ्लेक्सच्या बॅनरचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तापला की वास येतो, आणि मागच्या बाजूने एखादा भावी नगरसेवक तुमच्याकडे हात जोडून बघत राहतो. उन्हाळ्यात सिग्नलवर ताणतात ती हिरवी नेट वाऱ्याला सर्वांत चांगली, हे मात्र खरं. रंगवायचा मोह नसता तर मी तीच सुचवली असती.

नवा कॅनव्हास आणला की रंगवायची घाई नको. त्याला खळ असते. ती गेल्याशिवाय कापड पाणी पीत नाही, मग रंग कसा पिणार? गरम पाण्यात रात्रभर भिजवा, साबणाने धुवा, वाळवा. कापड आटायचं ते इथेच आटेल. नंतर एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब गोळा होऊन थांबला तर पुन्हा धुवा, लगेच पसरला तर कापड तयार. शिवणकाम रंगवण्याआधी उरका. पॉलिएस्टरचा दोरा वापरा, नेफ्याला दुहेरी टीप मारा, आणि आयलेट पितळी लावा. लोखंडी आयलेटचा गंज पहिल्या पावसात ओघळून खाली उतरतो. ताडपत्रीवाले आयलेट ठोकून देतात.

रंगाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण मला तिथेच थोडं थांबायचंय. फॅब्रिक कलरच्या छोट्या बाटल्या घेऊन साडेपाच फुटी पट्टे भरायला बसलात तर बाटल्या संपतील, पैसे संपतील आणि पार्श्वभूमी ठिगळासारखी दिसेल. घराच्या बाहेरच्या भिंतीला लावतात तो ॲक्रिलिक एक्स्टिरिअर इमल्शन घ्या. तो ऊन-पावसासाठीच बनवलेला असतो, बुरशीला विरोध करणारी द्रव्यं त्यात असतात आणि पाण्यात कालवता येतो. एक लिटरचा डबा एका बाजूच्या पार्श्वभूमीला पुरावा. पहिला हात अगदी पातळ, रंग आणि पाणी निम्मे-निम्मे, कापड किंचित ओलं असताना. तो धाग्यांत शिरायला हवा. दुसरा हात जरा दाट, पण कापडाची वीण दिसत राहील इतपतच. जाड थर दिला की पट्टा गुंडाळताना त्याला भेगा पडतात. ऑइल पेंटच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं तेल सुती धागा कडक करतं आणि कुजवतं.

पार्श्वभूमी पांढरी ठेवू नका, दुपारच्या उन्हात डोळ्यांवर येते. फिकट मातकट, वाळलेल्या गवताचा रंग चांगला.

आणि आता पळस. तुम्ही काय रंगवणार ते लिहिलं नाहीत, पण फेब्रुवारी आहे, गावाबाहेर कुठल्याही रस्त्याला लागलात की पळस पेटलेला दिसतोय, तेव्हा माझं मत पळसाला. पानं गळालेली काळी वाकडी फांदी, तिच्यावर फुलांचे झुपके, बाकी सगळं रिकामं. २० फुटांवरून वाचता येईल असं चित्र हवं. बारीक नक्षी, ठिपके, पाकळ्यांवरच्या रेषा, हे सगळं गॅलरीतून नुसतं धुरकट दिसतं. फुलाचा एकेक आकार तळहाताएवढा येऊ द्या.

अडचण केशरी रंगाची आहे. दुकानात मिळणारे भडक केशरी, गुलाबी आणि फ्लुओरोसंट रंग आपल्या उन्हात सगळ्यात आधी उडतात. मे संपेपर्यंत पळसाचा झाला असेल आजारी अबोली. ऊन पचवतात ते मातीतले, लोहाच्या गंजाचे रंग : गेरू, पिवळी माती. रंगाच्या दुकानात रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड या नावाने त्यांच्या स्टेनरच्या, म्हणजे इमल्शनमध्ये मिसळायच्या दाट रंगाच्या, छोट्या बाटल्या मिळतात. काळाही चालतो, आणि मशीनवर कालवून घेतलेला गडद निळा-हिरवाही बऱ्यापैकी तग धरतो. रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड मिळून तुमच्या डोळ्यांपुढचा ज्वाळेसारखा पळस येणार नाही, विटकरी केशरी येईल. त्याला उठाव द्यायचा तर रंग भडक करण्याऐवजी शेजारी काळी फांदी आणि मखमली काळपट-हिरवी कळी ठेवा. पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग तसाच गडद असतो, झाडाखाली पडलेलं एखादं फूल उचलून बघा. त्या काळ्याशेजारी विटकरी केशरीसुद्धा पेटतं. फक्त पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर ओतत राहून गडद रंग करायला जाऊ नका. प्रमाण वाढलं की रंग नीट सुकत नाही आणि हाताला लागतो. गडद छटा दुकानातून तयारच करून आणा.

इतक्या वर्षांनी ब्रश हातात घेताना हात अडखळेल, म्हणून एक सोय सांगते. घरात जुन्या एक्स-रेच्या फिल्म पडलेल्या असतातच. त्यांतून फुलाचे दोन आणि पानांचं एक असे स्टेन्सिल कापा. गादीच्या फोमचा तुकडा रंगात बुडवून कागदावर टिपून घ्या, जवळजवळ कोरडा झाला की स्टेन्सिलवर उभा थोपटा. घासायचं नाही, घासलं की रंग फिल्मखाली पळतो आणि कड फुटते. फूल सुकलं की फिल्म उलटी करून तोंड दुसरीकडे केलेलं दुसरं फूल. फिल्म उलटताना तिच्यावरचा रंग पुसलेला असायला हवा, एवढंच. फांदी मात्र स्टेन्सिलने करू नका. ती हाताने, उभं राहून, रुंद ब्रशने एका दमात ओढा. तिन्ही पट्टे जमिनीवर शेजारी-शेजारी पसरा आणि फांदी एकावरून दुसऱ्यावर जाऊ द्या. जास्तीच्या अर्ध्या मीटरवर दहा फांद्या ओढून झाल्या की अकरावी पट्ट्यावर ओढायला भीती वाटत नाही. देठाची, कळीची बारीक कामं फॅब्रिक कलरने केलीत तर ती सुकल्यावर कापड उलटं करून त्या जागी इस्त्री फिरवा. इमल्शनला इस्त्री लागत नाही.

टिकण्याचं म्हणाल, तर सासूबाई पूर्ण चुकीच्या नाहीत. सुती धागा उन्हाने झिजतोच. रंगाचा थर त्याला थोडं वाचवतो, तरी दोन-तीन उन्हाळे हेच त्याचं आयुष्य धरा. पावसाळ्यात मात्र तो बाहेर ठेवायचाच नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पट्टे काढा, कडकडीत वाळवा आणि घडी न घालता एखाद्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. गुंडाळताना मध्ये जुनं सुती लुगडं किंवा चादर घाला. ॲक्रिलिक उष्म्याने मऊ पडून एकमेकांना चिकटतं. वर्तमानपत्र घातलंत तर बातम्या पळसावर छापून निघतील. ऑक्टोबरमध्ये परत टांगा.

रात्रीचं एक तुमच्या पत्रात नाही, म्हणून सांगते. ओट्यामागच्या भिंतीवर दिवा असेल तर अंधार पडल्यावर तुम्हा दोघींच्या सावल्या कापडावर मोठ्या होऊन पडतील आणि गॅलरीतून सगळं नाटक दिसेल. दिवा पडद्याच्या खांबावर, तोंड घराकडे करून लावा. सावल्या मागच्या भिंतीवर जातील.

राहिल्या काकू. पडदा लागल्यावर त्यांना कळण्यापेक्षा खांबाचे खड्डे खणायच्या आधी कळू दे, आणि वरच्या वर गॅलरीकडे बघत नको. एका संध्याकाळी सासूबाईंना घेऊन त्यांच्याकडे जा. नवं घर झालंय, वाटीभर काहीतरी घेऊन जायला निमित्तही आहे. नजर, प्रायव्हसी असले शब्द काढू नका. “आईंना ओट्यावर जरा आडोसा हवाय, गाऊनवर बसायला संकोच वाटतो,” एवढं म्हणा. आपल्याकडे कोणत्याही बाईला ही अडचण एका वाक्यात कळते, आणि त्यांची स्वतःची सासू किंवा आई डोळ्यांपुढे येते. कापड कंपाउंडवर नसून तुमच्या ओट्याशी आहे, त्यामुळे त्यांचा वारा-उजेड अडणार नाही, हेही सहज बोलण्यात येऊ द्या. आणि अंगणातला पडद्यापासून कंपाउंडपर्यंतचा भाग त्यांना आधीसारखाच मोकळा दिसणार आहे. भाजी विचारायची त्यांना असेलच, तर तुम्ही तिथे झाडांना पाणी घालायला जाता तेव्हा विचारतील.

चित्र दोन्ही बाजूंनी करा. कॅनव्हासची नुसती पाठ, त्यावर फुटलेले रंगाचे डाग, हे त्यांनी रोज सकाळी का बघावं? खरं तर त्यांची बाजू आधी रंगवा, कारण पहिल्या बाजूला हात बसतो आणि दुसरी नेहमी घाईत होते. पळस तुमच्याकडे ठेवा, तिकडे काय काढायचं ते त्यांनाच विचारा. बहावा म्हणाल्या तर छान, यलो ऑक्साइड आणलेलाच आहे. बागेतले पक्षी म्हणाल्या तरी जमेल. गणपती किंवा विठोबा काढ म्हणाल्या तर मात्र हसून नाही म्हणा. दोन-तीन उन्हाळ्यांनी या कापडाची पायपुसणी होणार आहेत.